पंधरावे कलम



कामगार संघटनेत ज्याचे आयुष्य गेले अशा माणसाने ख्रिस्ती मंडळ्यांच्या ऐक्याविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. मी धर्मशास्त्राचा पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही वाचले ते रात्रपाळीनंतर आणि संपाच्या रिकाम्या दिवसांत. परंतु एकी कशी होते आणि कशी मोडते, हा आमच्या कामातला रोजचा प्रश्न आहे. एका कारखान्यात तीन युनियन असल्या म्हणजे मालकाला चौथ्या मित्राची गरज राहत नाही. म्हणून जेथे जेथे फुटलेली माणसे पुन्हा एकत्र आली, तेथे ती कोणत्या युक्तीने आली हे पाहण्याची मला खोड लागली आहे.

प्रश्न असा आहे : आधी सर्व बाबतींत मते जुळावीत आणि मग एकी व्हावी, की आधी एकी करावी आणि मग मते जुळण्याची वाट पाहावी? या प्रश्नाची दोन्ही उत्तरे ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात करून पाहिलेली आहेत. त्यांतले पहिले जर्मनीतले आहे आणि दुसरे आपल्या देशातले.

इ. स. १५२९ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील मारबुर्ग येथील किल्ल्यात एक बैठक भरली. हेसचा राजा फिलिप याने ती बोलाविली होती. रोमच्या पोपविरुद्ध बंड करून उठलेल्या सुधारकांत जर्मनीचा मार्टिन लूथर आणि झुरिकचा झ्विंग्ली असे दोन मोठे पुढारी होते. दोघांचे शत्रू तेच, दोघांचा ग्रंथ तोच. फिलिपचा हिशेब सरळ होता : हे दोघे एक झाले तर बादशहाच्या फौजांना तोंड देता येईल. चर्चा झाली, पंधरा कलमांचा मसुदा झाला आणि चौदा कलमांवर दोन्ही पक्षांचे पूर्ण एकमत झाले. पंधराव्या कलमाचाही बहुतेक भाग दोघांना मान्य होता. अडले ते एका मुद्द्यावर. प्रभुभोजनाच्या वेळी जी भाकर आणि जो द्राक्षारस देतात, त्यांत ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त प्रत्यक्ष असते, की ते केवळ त्याच्या मरणाचे स्मरण आणि चिन्ह आहे? लूथर म्हणाला, प्रत्यक्ष असते. शेवटच्या भोजनाच्या वेळी ख्रिस्ताने उच्चारलेले शब्द त्याने खडूने टेबलावर लिहून ठेवले होते. त्यांतून एक अक्षर हलवू देण्यास तो तयार नव्हता. झ्विंग्लीने डोळ्यांत पाणी आणून बंधुत्वाची मागणी केली असे सांगतात. लूथरने त्याला बंधू मानण्याचे नाकारले. दोनच वर्षांनी, १५३१ साली, कापेलच्या लढाईत झ्विंग्ली मारला गेला. या दोन परंपरांच्या मंडळ्यांनी परस्परांचे प्रभुभोजन मान्य केल्याचा करार युरोपात झाला तो १९७३ साली, बाझेलजवळील लॉयेनबर्ग येथे. एका कलमासाठी चारशे चव्वेचाळीस वर्षे!

यावर हसणे सोपे आहे. पण हसू नये. ज्याला आपण क्षुल्लक मुद्दा म्हणतो तो त्या माणसाच्या दृष्टीने त्याच्या आत्म्याच्या तारणाचा मुद्दा असतो. ‘किरकोळ बाब आहे, सोडून द्या,’ असे म्हणून कोणाचीही एकी झालेली मी पाहिलेली नाही. असे म्हणणारा मनुष्य बहुधा स्वतःच्या नव्हे तर दुसऱ्याच्या तत्त्वाला किरकोळ म्हणत असतो.

युरोपातली ही भांडणे पुढे गलबतांत बसून हिंदुस्थानात आली. अँग्लिकन आले, स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन आले, काँग्रिगेशनल, मेथॉडिस्ट, बाप्टिस्ट, लूथरन आले. एकाच गावात झगडा नको म्हणून बऱ्याच मिशनांनी आपसांत मुलूख वाटून घेतले. त्याचा परिणाम असा झाला, की मनुष्य कोणत्या पंथाचा होणार हे त्याच्या बुद्धीवर नव्हे, तर तो कोणत्या तालुक्यात जन्मला यावर ठरू लागले. आपल्या महाराष्ट्रातच पाहा. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन होते. तेथला ख्रिस्ती काँग्रिगेशनल. मिरज-कोल्हापूरकडचा प्रेस्बिटेरियन. नाशिकजवळच्या शरणपूरचा अँग्लिकन. तिकडे तामिळ देशात आर्काटच्या शेतमजुराची तर आणखीच मौज. तेथील मिशन अमेरिकेत जाऊन वसलेल्या डच लोकांच्या मंडळीचे होते. त्या बिचाऱ्याने हॉलंड पाहिले नव्हते आणि अमेरिकाही पाहिली नव्हती. पण डचांची तिकडची जुनी तक्रार त्याच्या दाराशी येऊन बसली होती.

मराठी माणसांपैकी दोघांनी ही विसंगती फार लवकर ओळखली. पहिल्या पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी अँग्लिकन मंडळीत बाप्तिस्मा घेतला. परंतु बाप्तिस्मा घेतला म्हणजे त्या मंडळीचे प्रत्येक मत डोळे मिटून गिळावे, हे त्यांना मान्य नव्हते. ज्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला त्यांच्याशीच रमाबाईंनी सिद्धांतांवर लांबलचक पत्रवाद केला. पुढे केडगावचे ‘मुक्ती’ त्यांनी कोणत्याही एका पंथाच्या दावणीला बांधले नाही. दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. अहमदनगरच्या मिशनमध्ये वीस-बावीस वर्षे काम केल्यावर १९१७ साली ते बाहेर पडले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत, ही त्यांची कल्पना. १९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले आणि तो दरबार फार वाढला नाही.

आणि योग पाहा, त्याच मे महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत दक्षिणेत दुसरी एक बैठक भरली होती. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडी नावाचे गाव आहे. युरोपियन लोक त्याला ट्रँकेबार म्हणत. १७०६ साली हिंदुस्थानातले पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युचौ येथेच उतरले होते. दोनशे तेरा वर्षांनी त्याच गावी तेहतीस धर्मसेवक जमले. त्यांत दोघे सोडले तर बाकी सर्व भारतीय होते. पुढारी होते डोर्नाकलचे बिशप अझरया, १९१२ साली अँग्लिकन मंडळीत बिशप झालेले पहिले भारतीय. त्यांनी एक जाहीरनामा काढला. त्याचा आशय असा, की ज्या फुटी आम्ही पाडल्या नाहीत, ज्या बाहेरून आमच्यावर लादल्या गेल्या, त्या आम्ही पुढे चालविणार नाही. अझरया पुढे युरोपातल्या परिषदांतही हेच सांगत राहिले : तुमच्या देशात ही फूट म्हणजे दुबळेपणा असेल, आमच्या देशात ते पाप आहे आणि लोकांपुढे लाज आहे.

जाहीरनामा दोन दिवसांत झाला. एकी व्हायला अठ्ठावीस वर्षे लागली. संघटनेच्या माणसाला याचे आश्चर्य वाटत नाही. जाहीरनामा लिहिताना सर्वांचे हात मोकळे असतात. घटना लिहिताना प्रत्येकाच्या हातात त्याच्या वाडवडिलांचे हाड असते.

येथे हाड होते बिशपचे. अँग्लिकनांचे म्हणणे असे, की ख्रिस्ताच्या प्रेषितांनी ज्यांच्या मस्तकावर हात ठेवले, त्यांनी पुढच्यांच्या मस्तकावर ठेवले, आणि ही साखळी बिशपांच्या द्वारे आजतागायत अखंड आली आहे. ज्या पाळकाला बिशपने दीक्षा दिली नाही तो पाळक भला असेल, विद्वान असेल. परंतु प्रभुभोजन देण्याचा त्याचा अधिकार संशयित. उलट प्रेस्बिटेरियन लोकांच्या पूर्वजांनी सतराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये बिशप नकोत म्हणून शस्त्र उचलले होते. काँग्रिगेशनल मंडळींना तर गावच्या सभेवर दुसरा कोणी अधिकारीच नको होता. आता या दोघांनी अँग्लिकनांशी एक व्हायचे तर त्यांच्या पाळकांनी पुन्हा बिशपकडून दीक्षा घ्यावी काय? घेतली तर इतकी वर्षे आपण जे केले ते खोटे होते असे कबूल केल्यासारखे होणार. घेतली नाही तर अँग्लिकनांची साखळी तुटणार.

१९२० पासून संयुक्त समिती बसली. १९२९ साली पहिला आराखडा छापला, तो पुन्हा पुन्हा बदलला. अखेर जो तोडगा निघाला तो मी आपल्यापुढे कलमवार मांडतो, कारण त्याचे शिल्प पाहण्यासारखे आहे.

पहिले कलम : एकीच्या दिवशी ज्या मंडळीचा जो पाळक आहे तो नव्या मंडळीचा पाळक समजावा, कोणालाही पुन्हा दीक्षा नाही. दुसरे : यापुढे जो नवा पाळक होईल त्याला बिशपच दीक्षा देतील. तिसरे : बिशप राहतील, पण ते निवडलेले आणि घटनेने बांधलेले असतील, आणि बिशपपदामागचा सिद्धांत कोणता, हे कोणावरही लादले जाणार नाही. चौथे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे : ज्या उपासनेला किंवा ज्या पाळकाला एखाद्या मंडळीची सदसद्विवेकबुद्धी हरकत घेते, तो तिच्यावर लादायचा नाही, असे सर्वांनी परस्परांना वचन दिले. आणि पाचवे : तीस वर्षे ही संमिश्र स्थिती चालू द्यावी, नंतर पुन्हा विचार करावा.

पाहा, पंधरावे कलम येथेही सुटलेले नाही. बिशप हे देवाच्या आज्ञेने आहेत की माणसांच्या सोयीने, याचा निकाल कोणी दिला नाही. तो निकाल न देता एकत्र कसे राहायचे, एवढाच निकाल दिला. मारबुर्गला चौदा कलमे जुळून एकी झाली नाही. येथे मुख्य कलम न जुळता झाली. कारण मारबुर्गला दोघे एकमेकांची परीक्षा घेत होते, आणि येथे प्रत्येकजण स्वतः काय सोडू शकतो हे मोजीत होता.

हे पाहायला अझरया राहिले नाहीत. १ जानेवारी १९४५ रोजी ते वारले. त्यांच्या अँग्लिकन मंडळीने योजनेला संमती दिली ती त्याच वर्षी. २७ सप्टेंबर १९४७ रोजी, देश स्वतंत्र होऊन सहा आठवडे झाले असताना, मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’, म्हणजे दक्षिण भारतीय मंडळी, स्थापन झाली. सुमारे दहा लाख माणसे तिच्यात आली. त्याच दिवशी नऊ नव्या बिशपांना दीक्षा मिळाली. त्यांत लेस्ली न्यूबिगिन नावाचा सदतीस वर्षांचा स्कॉटिश प्रेस्बिटेरियन मिशनरी होता. ज्या पदाविरुद्ध त्याच्या मंडळीचे पूर्वज लढले, तेच पद घेण्यासाठी तो अँग्लिकन बिशपापुढे गुडघे टेकून बसला. आणि ज्या अँग्लिकनांनी साखळीचा अभिमान धरला, त्यांनी बिशपचा हात न लागलेल्या शेकडो पाळकांना त्या दिवशी आपले म्हटले. त्याग एकतर्फी नव्हता, म्हणून तो टिकला.

किंमत मात्र मोजावी लागली. १९४८ साली लंडनच्या लँबेथ परिषदेत जगभरचे अँग्लिकन बिशप जमले, आणि या नव्या मंडळीशी पूर्ण सहभागित्व ठेवण्यास त्यांनी नकार दिला. दक्षिणेतले अँग्लिकन शेजाऱ्याशी एक झाले आणि आपल्याच घराण्यातून अर्धे बाहेर पडले. १९५५ साली इंग्लंडच्या मंडळीने मर्यादित मान्यता दिली. पूर्ण सभासद म्हणून लँबेथला बसायला मिळाले ते १९८८ साली. इकडे आंध्रातील नंद्याळ भागातल्या पुष्कळ अँग्लिकनांना ही एकी पटली नाही. त्यांना बिशपांची परंपरा बिघडेल असे भय वाटले. ते काही दशके बाहेरच राहिले आणि मागाहून आत आले. याच नंद्याळच्या गादीवर २०१३ साली पुष्पा ललिता यांची निवड झाली. दक्षिण भारतीय मंडळीच्या त्या पहिल्या स्त्री बिशप. जे परंपरेसाठी अडले त्यांच्याच गावी परंपरेला हे नवे पालवी फुटावे, याचे भाकीत १९४७ साली कोणी केले असते काय?

आता उत्तरेकडे या. म्हणजे आपल्या नागपूरला. १९२९ पासून लखनौला बोलणी सुरू होती. येथे बाप्टिस्टांमुळे गाठ आणखी घट्ट होती. त्यांचे मत असे, की बाप्तिस्मा समजत्या वयात, स्वतःच्या कबुलीने घ्यावा. तान्ह्या बाळाला दिलेला तो बाप्तिस्माच नव्हे. बाकीचे बाळांना बाप्तिस्मा देणारे. शेवटी ठरले, की दोन्ही रीती मंडळीत शेजारी शेजारी चालतील, आणि ज्या पाळकाचे मन बाळाला बाप्तिस्मा द्यायला घेत नाही त्याच्यावर सक्ती होणार नाही. पाळकांच्या बाबतीत दक्षिणेपेक्षा निराळी वाट काढली. सर्व पक्षांच्या धर्मसेवकांनी परस्परांच्या मस्तकावर हात ठेवावेत आणि देवाने ज्याला जे उणे असेल ते द्यावे अशी प्रार्थना करावी. कोणाला काय उणे होते, हे मात्र कोणी म्हणायचे नाही! टीकाकारांनी याला शब्दांची लपवाछपवी म्हटले. मी हजारदा वाटाघाटीच्या टेबलाशी बसलो आहे. मला ती लपवाछपवी वाटत नाही. समोरच्याची मान खाली जाणार नाही अशी भाषा शोधणे हेही सत्याचेच काम आहे.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा मंडळ्या मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाली. नगरचे काँग्रिगेशनल, कोल्हापूरकडचे प्रेस्बिटेरियन आणि नाशिकचे अँग्लिकन यांच्या मंडळ्यांचे प्रवाह अशा रीतीने एका पात्रात आले. सातवी मंडळी, अमेरिकन मेथॉडिस्टांची, अगदी शेवटच्या घटकेला मागे फिरली.

नागपूरचे नाव निघाले म्हणून आमच्या घरचे सांगतो. १९२९ साली नागपूरलाच, पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली, आयटक फुटली, ना. म. जोशी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले. १९३८ साली नागपूरलाच दोन्ही पक्ष जवळ आले, आणि तेव्हा अट घातली की राजकीय प्रश्न आणि संप यांचे निर्णय तीन-चतुर्थांश बहुमताने व्हावेत. ही आमची सदसद्विवेकबुद्धीची तरतूद! अल्पमतवाल्याला खात्री हवी होती, की सकाळी एकी आणि संध्याकाळी गळचेपी असे होणार नाही. परंतु ती एकी टिकली नाही. १९४७ च्या मे महिन्यात इंटक निघाली, १९४८ च्या अखेरीस हिंद मजदूर सभा. ज्या वर्षी मद्रासला चारशे वर्षांचे भांडण मिटत होते, त्या वर्षी कामगारांची घरे वेगळी होत होती. आमच्यात बहुमत मोजण्याची घाई फार, आणि तीस वर्षे थांबण्याची तयारी कोणाचीच नव्हती.

परंतु मी एकीची केवळ स्तुती करायला उभा नाही. या इतिहासात दोन गोष्टी कडू आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत.

पहिली मालमत्तेची. सिद्धांत जुळविता येतात, पण जमिनीचा सातबारा जुळत नाही. गुजरातेतील ब्रदरन मंडळी १९७० साली उत्तर भारतीय मंडळीत सामील झाली. पुढे काही सभासदांनी, आमचे विलीनीकरण कायदेशीर झालेच नाही, असा दावा लावला. विलीनीकरण कायदेशीर रीतीने झाले नव्हते असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०१३ साली, त्रेचाळीस वर्षांनी.

दुसरी गोष्ट जातीची. बिशप, बाप्तिस्मा, दीक्षा यांवर पिढ्यान्‌पिढ्या समित्या बसल्या. पण ही भांडणे परदेशातून आली होती. जे भांडण येथल्याच मातीतले, त्याचे काय? १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतील मंडळ्यांना हुकूम काढला, की प्रार्थनामंदिरात वेगळ्या बैठका आणि प्रभुभोजनाच्या वेळी जातवार क्रम बंद झाला पाहिजे. तेव्हा पुष्कळ लोक मंडळी सोडून गेले, पण जात सोडली नाही. प्रभुभोजनाच्या प्याल्यात काय असते यावर लूथर आणि झ्विंग्ली भांडले. आमच्याकडे भांडण होते प्याला आधी कोणाच्या ओठाला लागतो याचे. हे कोणत्याही श्रद्धेच्या कलमात लिहिलेले नव्हते, म्हणून कोणत्याही समितीपुढे त्याची वाटाघाट होऊ शकली नाही. ख्रिस्ती समाजातील दलितांनी हा प्रश्न पुढे स्वतःच्या बळावर मांडला. आणि हिंदू बांधवांनी येथे मनात हसण्याचे कारण नाही; हे वाण ख्रिस्ती घरात गेले ते कोणाच्या घरून, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. ‘घरोघरी मातीच्या चुली’ म्हणतात. ही माती एकाच खाणीतली आहे.

शिवाय ही एकी पूर्ण नाही हेही ध्यानात ठेवावे. वसईचे, गोव्याचे आणि देशातल्या इतर भागांतले रोमन कॅथलिक, म्हणजे भारतीय ख्रिस्ती समाजाचा सर्वांत मोठा गट, या दोन्ही संयुक्त मंडळ्यांच्या बाहेर आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली इतर मंडळ्यांशी संवादाचे दार उघडले. तरी एका पंगतीला बसण्याचा दिवस अजून यायचा आहे.

मग तात्पर्य काय? मला तीन गोष्टी दिसतात. मतभेद क्षुल्लक आहे असे म्हणून एकी होत नाही. तो खरा आहे हे मान्य करूनच होते. बहुमताने एकी होत नाही. अल्पमताला तुझ्यावर सक्ती होणार नाही असे लेखी वचन दिल्याने होते, आणि ते वचन पाळल्याने टिकते. आणि जे भांडण कागदावर येत नाही, ते आधी कागदावर आणावे लागते. कारण लेखी भांडणाला तोडगा निघतो, मुक्या भांडणाला निघत नाही.

आपल्या शहरात, आपल्या संस्थांत, आपल्या घरांतही एखादे पंधरावे कलम असतेच. ते सुटेपर्यंत एकत्र जेवायचे नाही असे ठरविले तर चार शतके उपाशी राहावे लागेल. ते नाहीच असे सोंग केले तर पंगतीत कोणीतरी मान खाली घालून बसेल. तरंगंबाडीच्या त्या तेहतीस माणसांनी तिसरी वाट धरली. ते कलम उघडे टेबलावर ठेवले आणि पाने वाढायला सुरुवात केली.